मुलांना सोबत घेऊन व्यसनमुक्ती केंद्रात राहता येतं का?

ओंजळभर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय घरातला आहे, त्यामुळे गाव-माणसं ओळखू येतील असं काही लिहीत नाही. समजून घ्या.

माझी मावसबहीण, पस्तिशीच्या आतली. नवरा आखातात कामाला. पदरात दोन लेकरं, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा दोनचा. बहीण पिते. कधीमधी नाही, रोज आणि सकाळपासून. चपटी पिठाच्या डब्यात असते हे घरात सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. सगळ्यात जास्त माहीत आहे ते लेकीला. आईच्या डोळ्यांकडे बघून ती ठरवते, धाकट्याला आज आंघोळ आपण घालायची की आईला घालू द्यायची. शाळेतून येताना पार्ले-जीचा पुडा घेऊन येते, कारण घरी चूल पेटली असेलच असं नाही.

बहिणीला सोडायचीय. शुद्धीत असताना स्वतःच्या तोंडाने म्हणाली. मी केंद्रांना फोन लावले. कुठे ‘आमच्याकडे फक्त पुरुष’, कुठे ‘बायकांना घेतो, मुलं घरी ठेवून या’. घरी म्हणजे सासरी. सासूबाई म्हणतात, पोरं आमच्यापाशी राहतील, तू खुशाल जा. ते ‘खुशाल’ ज्या सुरात येतं तो ऐकून बहिणीने भरलेली पिशवी परत रिकामी केली. तिच्या डोक्यात पक्कं बसलंय की एकदा उंबरा ओलांडला की पोरं परत मिळत नाहीत. माहेरी आई नाही, वडील थकलेत.

आई आणि मुलं एकत्र राहून उपचार होतात अशी सोय आपल्याकडे आहे का? परदेशात असते असं ऐकलंय. माहिती असेल तर लिहा. उपदेश नको, तो घरात भरपूर मिळतो.

निवांत_नाना

ताई, पहिलं नाव मुक्तांगणचंच घेणार. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, सुरुवातीला पु. ल. आणि सुनीताबाईंची मदत होती, हे बहुतेकांना ठाऊक आहे. बायकांसाठी त्यांचा ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. मुक्काम पाच आठवड्यांचा असतो. पेशंटच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे, म्हणजे घरच्यांना वाऱ्यावर सोडत नाहीत. मुलांचं काय ते तिथल्या समुपदेशकांशीच बोला, आणि मुलांची वयं सांगून बोला. फोनवर ‘मुलं चालतात का’ असं मोघम विचारलं की समोरचा ‘नाही’ म्हणून मोकळा होतो.

चेन्नईला टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठानचं रुग्णालय १९८० पासून आहे. शांती रंगनाथन यांनी नवरा दारूपायी गेल्यावर उभं केलं. तिथे घरच्या माणसांचाही उपचार असतो. पण पुन्हा तेच, घरचं माणूस म्हणजे मोठं माणूस.

बोरकूट

हे असं कधी ऐकलं नव्हतं आमच्या लहानपणी. बायका प्यायला लागल्या, आता त्यांच्यासाठी पोरांसकट हॉटेल काढा. नवऱ्याने आखातात उन्हात राबायचं आणि…

संपादक मंडळ

वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग उडवला आहे. त्याला उत्तर म्हणून आलेले काही प्रतिसादही उडवले आहेत, भाषेमुळे. धागाकर्तीने मदत मागितली आहे, तेवढं लक्षात ठेवा.

वकीलसाहिबा

@ओंजळभर, कायद्याचं थोडं सांगते. हे केंद्रवाल्यांनाही पुष्कळदा माहीत नसतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. अमलात आला २९ मे २०१८ ला. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था धरल्या आहेत. याच कायद्याचं कलम २१ बघा. संस्थेत उपचार घेणाऱ्या बाईचं तीन वर्षांखालचं मूल तिच्यापासून सामान्यतः वेगळं करायचं नाही. आईच्या आजारामुळे मुलाला धोका आहे किंवा मुलाच्या हिताचं आहे असं उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं मत झालं तर तात्पुरतं वेगळं करता येतं, पण तेव्हाही देखरेखीखाली आईला मूल भेटलं पाहिजे. त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करायचा. सलग तीस दिवसांच्या वर न्यायचं असेल तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी लागते.

म्हणजे तुमच्या बहिणीचा दोन वर्षांचा मुलगा कायद्याने तिच्यासोबत राहू शकतो. ‘आमच्यात मुलं चालत नाहीत’ हे नोंदणीकृत संस्थेचं उत्तर होऊच शकत नाही, निदान त्या मुलाच्या बाबतीत.

सात वर्षांच्या मुलीबद्दल मात्र कायदा गप्प आहे. आता गंमत पाहा, गंमत कसली म्हणा. तुरुंगातल्या आईसोबत मूल सहा वर्षांचं होईपर्यंत राहू शकतं, सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आर. डी. उपाध्याय खटल्यात तसे सविस्तर निर्देश दिलेत. तिथे पाळणाघर हवं, आहार असा हवा, मुलाला कैदी समजायचं नाही, सगळं लिहिलंय. चोरी करून आत गेलेल्या बाईला सहा वर्षं, दारू सोडायला आत गेलेल्या बाईला तीन.

ताब्याचं म्हणाल तर, हिंदू कुटुंब असेल तर १९५६ च्या पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असतं, आणि कोर्ट शेवटी मुलाचं हित बघतं. स्वतःहून उपचाराला गेलेली आई हे तिच्या बाजूचं पान आहे, विरुद्ध बाजूचं नाही. आज्जी-आजोबांना आपोआप कसलाही हक्क मिळत नाही. नवऱ्याशी बोला. ‘उपचार संपेपर्यंत मुलं मावशीकडे राहतील, नंतर आईकडे’ एवढा त्याचा व्हॉट्सअॅप मेसेज आला तरी नंतर कामाला येतो.

ओंजळभर

वकीलसाहिबा, कलम २१ चं पान छापून पर्समध्ये ठेवलंय. नवऱ्याला तिच्या पिण्याची पूर्ण कल्पना नाही. ते एक वेगळंच काम आहे.

पाटलीणबाई

मी जरा उलटं बोलणार आहे, राग मानू नका.

माझे मालक बारा-तेरा वर्षं पीत होते. केंद्रात गेले, आता चांगले आहेत, देवाची कृपा म्हणा नाहीतर तिथल्या माणसांची. पण ते आत होते तेव्हा माझ्या पोरांना पहिल्यांदा सुखाची झोप लागली. दाराचा आवाज झाला की दचकायची पोरं, ती रात्री एका कुशीवर झोपायला लागली. त्या वेळी कोणी म्हणालं असतं, पोरांनाही बापासोबत ठेवा, तर मी त्याला पायरी चढू दिली नसती. व्यसन कुणाचं, शिक्षा कुणाला? पोरांनी का राहायचं चाळीस अनोळखी बेवड्यांच्यात? त्यांची शाळा, त्यांचे मित्र, सगळं सोडून?

आणि ‘मुलांकडे बघून सोडेल’ हे तर मला सांगूच नका. बघून सुटली असती तर आमच्यात कधीच सुटली असती.

माळावरचा_दगड

पाटलीणबाईंशी अर्धा सहमत.

मी पिणाऱ्या बापाचा मुलगा. वडील दोनदा केंद्रात गेले. रविवारी भेटायला नेत. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, बोलणं हळू. आम्ही दोघं भाऊ समोर बसून चिवडा खायचो. आई सांगायची, बाबांना विचारा काहीतरी. काय विचारणार? ते तिथे चांगले होते आणि घरी वाईट, एवढंच आम्हाला कळत होतं. ते परत आले तेव्हा दारू सुटली होती, पण आमच्याशी बोलायचं कसं हे त्यांना येत नव्हतं आणि आम्हालाही. पहिल्या आठवड्यात भावाने ताट आपटलं, वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा हात न उचलता नुसतं बघितलं, आणि त्यांना पुढे काय करायचं ते सुचेना. शेवटी उठून बाहेर गेले. कुठे गेले ते सांगायला नको.

ते ताट त्यांच्या समुपदेशकासमोर आपटलं गेलं असतं तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

तिरफळ

हा धागा दोन दिवसांपासून वाचतेय आणि लिहू की नको करतेय. मी मूळची मालवणची, गेली काही वर्षं ऑस्ट्रेलियात आहे. आईबाप मुलांसकट राहून उपचार घेतात अशाच एका ठिकाणी मुलांच्या विभागात काम करते. ठिकाणाचं नाव घेणार नाही, कुटुंबांबद्दल तर काहीच नाही. काम कसं चालतं तेवढं सांगते.

आधी, ही सोय आहे कुठे कुठे. मेलबर्नजवळ लोअर प्लेंटीला ओडिसी हाऊस आहे, कॅनबेरात कॅरालिका, सिडनीत बायका-मुलांसाठी जारा हाऊस. इंग्लंडात प्लिमथचं ट्रेव्ही १९९३ पासून फक्त आया आणि त्यांची मुलं घेतं. शेफील्डला फिनिक्स फ्यूचर्सचं कुटुंब केंद्र आहे, तिथे एकटे बापही मुलं घेऊन येतात, जोडपीही. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ओडिसी हाऊसने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच आया-बाळांना एकत्र ठेवायला घेतलं होतं. फिनलंडमध्ये तर गर्भवती आणि तान्ह्या बाळांच्या आयांसाठी ‘पिडा किन्नी’ नावाची साखळीच आहे. म्हणजे कल्पना नवी नाही, पन्नास वर्षं जुनी आहे. जागा मात्र सगळीकडे कमीच, खर्च फार येतो.

पाटलीणबाई, तुमची शंका इथेही पहिल्या दिवशी विचारतात. म्हणून सांगते, मुलं ‘चाळीस बेवड्यांच्यात’ राहत नाहीत. कुटुंबांचा भाग वेगळा असतो, प्रत्येकाला खोली किंवा छोटं घर. अंगातली दारू उतरवण्याचा टप्पा बहुतेक ठिकाणी आधी, दुसरीकडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतो. थरथर, उलट्या, भास हे मुलांनी बघायचं नसतं. आई सावरली की मग मुलं येतात.

मग दिवस असा. सकाळी आईनेच उठवायचं, आईनेच दात घासून घ्यायचे, नाश्ता आईने करायचा. आम्ही तिथेच उभ्या असतो पण हात लावत नाही. हे बघायला फार कठीण असतं हो. मूल बूट फेकतंय, आई रडकुंडीला आलीय, आणि आपण भिंतीला टेकून उभं राहायचं. मग मोठी मुलं जवळच्या शाळेत, लहान आमच्याकडे पाळणाघरात. तेवढ्या वेळात आईबाप गटात, समुपदेशनात, कामाच्या पाळीत. दुपारी परत आईबाप आणि मूल एकत्र, खेळायला. ‘खेळायला’ वाचून हसू नका. नशेशिवाय मुलाशी अर्धा तास खेळणं हे कित्येकांनी कधी केलेलंच नसतं. जमिनीवर बसतात आणि विचारतात, आता काय करू?

क्वीन्सलंडच्या ग्रिफिथ विद्यापीठात तयार झालेला ‘पेरेंट्स अंडर प्रेशर’ नावाचा कार्यक्रम इथे वापरात आहे. त्याचा रोख असा की आईबापाला आधी स्वतःचा भडका ओळखून थांबवता यायला हवा, मग मुलाला वळण लावण्याच्या गोष्टी. मुलाचं वागणं हा शेवटचा धडा, पहिला नाही.

आता जे कोणी सांगत नाही ते. मुलं आल्यावर पहिले काही आठवडे मुलांचं वागणं बिघडतं. सुधारत नाही, बिघडतं. ओंजळभर यांच्या भाचीसारख्या मुली घर चालवत असतात. धाकट्याचं जेवण, आईचा श्वास चालू आहे का ते रात्री उठून बघणं, शाळेत खोटं सांगणं, सगळं त्यांच्याकडे. आणि अचानक आई शुद्धीवर येऊन म्हणते, नऊ वाजले, झोप. त्या मुलीला राग येतो. तिचं पद गेलेलं असतं! अशी मुलगी धाकट्या भावाला आईच्या हातातून ओढून घेते, आईने कालवलेला भात टाकून स्वतः कालवते. आमच्याकडे याला वाईट वागणं म्हणत नाहीत. त्या मुलीची वेगळी फाईल असते, तिची वेगळी ताई असते, जिच्याशी ती आईबद्दल वाट्टेल ते बोलू शकते आणि ते आईपर्यंत पोचत नाही.

माळावरचा_दगड, तुम्ही लिहिलेलं ताट बरोबर याच जागेवरचं आहे.

आणि पाटलीणबाईंच्या शेवटच्या वाक्याला माझे दोन्ही हात वर. मूल हे आईचं औषध नाही. जिथे मुलाला फक्त आईला धीर यावा म्हणून ठेवलंय, मुलासाठी वेगळं माणूस, वेगळी जागा, वेगळा वेळ नाही, तिथे मुलांना अजिबात नेऊ नका. घरी मार खाल्लेल्या मुलाला मारणाऱ्याच्याच खोलीत झोपवायचं नसतं, ते प्रवेशाआधीच तपासतात आणि नकारही देतात.

पाटलीणबाई

तिरफळताई, भिंतीला टेकून उभं राहायचं हे मला जमलं नसतं. मी बूट घालून मोकळी झाले असते. बाकी बापांना सकाळी पोरांची आंघोळ-नाश्ता करायला लावतात हे वाचून मात्र बरं वाटलं. आमच्या मालकांना दाखवलं. ‘असं होतं तर मी गेलोच नसतो’ म्हणाले.

हडसनपल्याड

अमेरिकेतलं थोडं. इथे पैशाची गाठ कशी सोडवली ते मला महत्त्वाचं वाटतं.

इथे व्यसनी आईबापाचं मूल सरकार काढून घेऊ शकतं आणि दुसऱ्या कुटुंबात ठेवतं. त्या कुटुंबाला मुलाच्या खर्चाचे पैसे सरकार देतं. त्यामुळे आया लपवतात, डॉक्टरकडेही जात नाहीत, गर्भार असल्या तरी. २०१८ च्या फेब्रुवारीत ‘फॅमिली फर्स्ट’ कायदा झाला, त्यात एक सुधारणा अशी की मूल आईबापासोबत परवानाधारक निवासी उपचार केंद्रात राहिलं तर तेच केंद्रीय पैसे तिथेही मिळतात, बारा महिन्यांपर्यंत. म्हणजे मुलामागचा पैसा मुलाबरोबर आईकडे गेला. राज्यांनी ते किती वापरलं हा निराळा विषय आहे, पण रचना चांगली आहे. आपल्याकडे असं काही करायचं तर अशीच एखादी वाट शोधावी लागेल, दानपेट्यांवर पाळणाघर चालत नाही.

खडीसाखर

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. तीन गोष्टी सांगतो, पहिली तातडीची.

ओंजळभर, बहीण सकाळपासून पीत असेल तर तिला ‘आजपासून बंद’ असं घरी अचानक करायला लावू नका. कोंडून तर मुळीच नको. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भास, घाम, ताप, भान हरपणं असं होऊ शकतं आणि त्यात माणूस दगावतो. हे रुग्णालयात, औषधांच्या आधाराने करायचं. आठवडा-दहा दिवसांचं काम आहे. ‘व्हिटॅमिनचं इंजेक्शन’ म्हणून जे थायमिन देतात ते मेंदू वाचवण्यासाठी असतं, ते टाळू नका. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग असेल तर तिथे होतं. आणि जेवणात गुपचूप मिसळायच्या पावडरी-गोळ्यांच्या जाहिराती येतात, त्यांच्या नादी लागू नका. माणसाला न सांगता ती गोळी दिली आणि त्यावर तो प्यायला, तर जिवावर बेततं.

दुसरं. आपल्याकडे हे नवं नाही, आपणच विसरलोय. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी १९५० च्या दशकात नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून पेशंटसोबत ठेवलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पुढे कुटुंबासह राहून उपचार हीच पद्धत झाली. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई-बाळ विभाग आहे, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारासाठी. आई दाखल, बाळ शेजारी, सोबत घरातली एक बाई. म्हणजे जागा, नियम, परिचारिका, सगळ्याचा अनुभव देशात आहे. तो व्यसनाच्या वॉर्डापर्यंत आला पाहिजे.

तो का येत नाही? कारण केंद्रं पुरुषांसाठी बांधली. ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या राष्ट्रीय पाहणीत पुरुषांमध्ये दारू पिणारे २७.३ टक्के, बायकांमध्ये १.६. हा आकडा दाखवून सगळे म्हणतात, बायकांसाठी कशाला वेगळं. पण एवढ्या मोठ्या देशात दीड टक्का म्हणजे किती बायका, हा हिशेब कोणी मांडत नाही. आणि बाई उपचाराला येते तेव्हा तिच्यामागे चूल, पोरं, म्हातारी माणसं असतात. पुरुष येतो तेव्हा हे सगळं बायको सांभाळत असते. माझ्या ओपीडीत बाई एकदा येते, दुसऱ्या वेळी येत नाही. विचारलं तर ‘धाकटा आजारी होता’. खरंच असतो तो आजारी.

तिसरं, नंबर. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही फुकट.

काजवा_विदर्भाचा

संस्थेत काम करतो, म्हणून सरकारी बाजू सांगतो. व्यसनमुक्तीची अनुदानित केंद्रं सामाजिक न्याय खात्याची. निराधार, संकटातल्या बायकांची निवासगृहं, आधीची स्वाधार गृहं आणि आता मिशन शक्तीखालची शक्ती सदनं, ही महिला-बालविकास खात्याची. दुसरीकडे बाई मुलांना घेऊन राहू शकते, पण ती पीत असेल तर तिला नीट उपचार नाहीत. पहिलीकडे उपचार आहेत, मुलांना जागा नाही. दोन खाती, दोन इमारती, मधून रस्ता नाही. नवीन इमारत न बांधता सुद्धा एखाद्या जिल्ह्यात या दोघांना एकमेकांच्या शेजारी आणता येईल. बैठकीत मी हे बोललो तेव्हा ‘प्रस्ताव द्या’ म्हणाले. प्रस्ताव दिलाय, चहा पण चांगला होता.

ओंजळभर ताई, जुगाड सांगू? केंद्राच्या जवळ खोली घ्या. बहीण आत, तुम्ही आणि मुलं बाहेर, भेटीची परवानगी आधीच ठरवून घ्या, शक्यतो रोजची. धाकट्याला तिथल्या पाळणाघरात घाला. मुलीचं शाळेचं वर्ष मध्येच तुटेल म्हणून घाबरू नका, शिक्षण हक्क कायद्यात दाखला यायला उशीर झाला तरी नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

बोरकूट

डॉक्टर, फिट येते हे माहीत नव्हतं. आमच्या शेजारी एकाला घरात कोंडून सोडवत आहेत. सांगतो त्यांना.

खडीसाखर

आत्ता सांगा. उद्या नको.

ओंजळभर

सगळ्यांना एकत्रच लिहिते.

नवऱ्याशी बोलणं झालं. आधी चिडला, मग गप्प, मग म्हणाला मला अंदाज होता. मेसेज पाठवलाय, वकीलसाहिबांनी सांगितला तसाच. सासूबाईंना त्यानेच फोन केला. काय बोलला माहीत नाही, पण त्यांनी मुलीचं दप्तर स्वतः भरून दिलं. वर ‘तिथे तरी अभ्यास घे’ हे मलाच ऐकवलं.

बहीण सिव्हिलमध्ये दाखल झाली. हात थरथरत होते, आता कमी आहेत. पुढे ज्या केंद्रात जायचं त्यांच्याशी कलम २१ चं पान समोर ठेवून बोलले. बाईंनी पान वाचलं, वरिष्ठांना दाखवलं. धाकट्याबद्दल ‘मानसोपचारतज्ज्ञ बघून ठरवतील’ इथपर्यंत आलंय. मुलीला रोज संध्याकाळी भेट, हे मान्य.

तिरफळ, एक विचारायचंय. मुलीला काय सांगू? ती मला विचारते, आई मरणार आहे का?

तिरफळ

ती ज्या शब्दांत विचारते त्याच शब्दांत उत्तर द्या. ‘नाही. आई आजारी आहे, डॉक्टर तिच्यासोबत आहेत.’ ‘थकलीय’, ‘गावाला गेलीय’ असलं काही नको, तिला सगळं माहीत आहे. दारू हा शब्द तुम्ही वापरा, म्हणजे तिला वापरता येईल.

मग तीन वाक्यं. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन म्हणून गट असतात, तिथे हीच शिकवतात. हा आजार तुझ्यामुळे झाला नाही. तो तुला आवरता येणार नाही. तो तुला बरा करता येणार नाही. एकदाच सांगून भागत नाही. आणि धाकट्याचं काम तिच्याकडून एका दिवसात काढून घेऊ नका. एखादं ठेवा तिच्याकडे, तिलाच विचारून. बाकीचं तुम्ही करता आहात हे तिला दिसू दे, मग ती स्वतःच सोडते. पार्ले-जीचा पुडा आणत राहील, आणू दे.

पाटलीणबाई

आणि तुम्ही स्वतः जेवा वेळेवर. मधलं माणूस आधी झिजतं. सहचरीसारखा गट तिकडे असेल तर बहिणीसाठी नाही, स्वतःसाठी जा.

ओंजळभर

जाईन काकू.

आता एक काम. नाशिकमध्ये कुणाच्या ओळखीत साधारण दोन-अडीच महिन्यांसाठी खोली असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. स्वयंपाकाची सोय हवी, जवळ मराठी शाळा हवी. तळमजला असेल तर उत्तम, धाकटा जिना दिसला की चढतो. अनामत थोडी कमी करून मिळाली तर फार बरं होईल.